कॉल आणि नेट ‘एकाच वेळी’: याला नेमका शब्द कोणता?

एका अ‍ॅपच्या सूचना मराठीत लिहितेय आणि एका ओळीवर अडकलेय. फोनवर बोलणं चालू असतानाही नेट चालू राहतं एवढंच सांगायचंय. ‘कॉल आणि डेटा एकाच वेळी सुरू’ असं लिहिलं तर आईने वाचून विचारलं, म्हणजे कॉल लागला की नेट आपोआप लागतं का? तिचं काहीच चुकलं नाही, ‘एकाच वेळी’मधे एकदम सुरू होणं पण येतं आणि सोबत चालत राहणं पण. काय लिहू?

–

‘एकसामयिक’ आहे की, एकसामयिक समीकरणं शाळेत सोडवलीच असतील. ‘समकालीन’ मात्र नको, तो एका काळात होऊन गेलेल्या माणसांना शोभतो. जुन्या गद्यात ‘एकसमयावच्छेदेकरून’ सापडतो, मला फार आवडतो पण स्क्रीनवर मावायचा नाही.

–

मी नेटवर्कच्या कामात आहे, माझ्या मते नाम शोधूच नका, क्रियापद नीट निवडा, कारण प्रत्येक वेळी घडतं ते वेगळं. २जीवर कॉल आला की डेटा खोळंबतो, तुटत नाही, कॉल ठेवला की अडकलेले मेसेज धडाधड येतात. ३जीवर दोन्ही जोडीने चालतात. ४जी मुळात फक्त डेटासाठी बांधलेलं, त्यामुळे व्होल्टे (४जीवरूनच कॉल करायची सोय) नसेल तर कॉलपुरता फोन ३जी नाहीतर २जीवर उतरतो, वरच्या पट्टीत ४जी जाऊन एच (म्हणजे ३जी) किंवा ई (म्हणजे २जी) दिसतं ते तेव्हाच. आणि व्होल्टेमधे आवाजच डेटाची पाकिटं होऊन जातो, नेटवर्क त्यांना आधी वाट देतं, म्हणजे तिथे ‘कॉल आणि डेटा’ ही जोडीच जरा सैल आहे, दोन्ही डेटाच.

–

‘बोलता बोलता नकाशा बघा’ कसं वाटतं?

–

ऐकायला गोड आहे पण ‘बोलता बोलता’चा दुसरा अर्थ, बघता बघता, सहज, तोच आधी डोक्यात येतो. ‘बोलत असताना’ बरं. आणि दोन सिमचं वेगळं लिहा, एका सिमवर बोलताना दुसऱ्या सिमचा डेटा बऱ्याच फोनमधे थांबतो, ते नेटवर्कमुळे नाही, फोनमुळे.

–

‘खोळंबतो’ घेतला, किती नेमका आहे! मुख्य ओळ ‘कॉल चालू असतानाही नेट चालू राहतं’ अशी केली. आईला परत वाचायला दिली, तिने लगेच विचारलं, मग माझ्या फोनवर का नाही राहत. दोन सिम आहेत तिच्याकडे.