तीनदा काम केलं, तरी अमरावतीहून परत येताना गाडी तापतेच

दर्यापूर तालुक्यातून

नमस्कार मंडळी. थोडं लांब लिहितो, कारण अर्धवट सांगितलं की उत्तरही अर्धवटच मिळते.

गाडी २०११ ची, अडीच लिटरचं डिझेल इंजिन, सात सीटर. दोन लाख दहा हजार किलोमीटर झाली आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी आईला डायलिसिससाठी अमरावतीला न्यावं लागते. सकाळी जाताना काही त्रास नाही. दुपारी दीड-दोनला तिला घेऊन निघालो की वीसेक मिनिटांत तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर सरकतो आणि पाऊण भागाला जाऊन टेकतो.

आतापर्यंत काय काय झालं ते सांगतो. मार्चमध्ये पहिल्यांदा तापली तेव्हा मिस्त्रीनं थर्मोस्टॅटचा वॉल, म्हणजे इंजिन गरम झालं की पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, काढून टाकला. म्हणाला, आपल्या उन्हात याची गरजच नाही. एप्रिलमध्ये वॉटर पंप नवीन टाकला. त्यानंतर एका दुपारी काटा लाल पट्ट्यात गेला आणि हेडचं पॅकिंग (इंजिनाचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं) उडालं. हेड उतरवून फेस मारून, म्हणजे घासून सपाट करून आणलं, पॅकिंग नवीन, कुलंट नवीन. तिन्ही मिळून २७,५०० रुपये गेले. पहिला आठवडा बरा गेला, कारण त्या आठवड्यात ढगाळ होतं. परवा पुन्हा तेच. आता मिस्त्री म्हणतो की इंजिनच खोलू.

लक्षणं अशी: गावाच्या रस्त्यावर ४० च्या स्पीडला काटा जागेवर. डांबरीवर ८० ला एसी लावून चालवली की चढतो. एसी बंद करून ५० वर आणली की पाच मिनिटांत उतरतो. रात्री कितीही चालवा, तापत नाही. ऑइल स्वच्छ आहे, पांढरा धूर नाही, पाणीही फारसं कमी होत नाही.

परवा आईला घेऊन रस्त्याच्या कडेला कडुनिंबाखाली पाऊण तास थांबलो. डायलिसिस झाल्यावर तिच्या अंगात बसायचीही ताकद नसते. तिनं दुपट्टा तोंडावर घेतला आणि काही बोलली नाही. म्हणून हात जोडून विचारतो, इंजिन खोलण्याआधी मी स्वतः काय तपासू?

निवृत्त एसटी मेकॅनिक, अकोला

दादा, इंजिन खोलू नका. तुम्ही लक्षणं नीट लिहिली आहेत, त्यातच निम्मं उत्तर आहे.

उभ्या गाडीला किंवा गर्दीत तापते आणि पळवली की थंड होते, तर फॅनकडे बघायचं. तुमचं उलट आहे. लोड वाढला की तापते, लोड काढला की उतरते, रात्री तापतच नाही. याचा अर्थ इंजिन जेवढी उष्णता देते तेवढी रेडिएटरला बाहेर टाकता येत नाही. एकतर त्याच्यातून पाणी पुरेसं फिरत नाही, नाहीतर जाळीतून हवा पुरेशी जात नाही.

पॅकिंग पुन्हा गेलं का, ते उद्या सकाळी गार इंजिनवर बघा. रात्रभर उभ्या गाडीचा वरचा होज पाइप दाबा. मऊ लागला तर ठीक, फुगून कडक लागला तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात येतो आहे. मग रेडिएटरचं झाकण काढून गाडी सुरू करा आणि तोंडात बघा. सुरुवातीला चार-दोन बुडबुडे आले तर ती अडकलेली हवा असते. पण रेस दिल्यावर उकळल्यासारखे सतत बुडबुडे येत राहिले, तर पॅकिंग किंवा हेडला चीर. हे फक्त गार इंजिनवर. गरम गाडीचं झाकण कोणीही उघडू नका. त्या वाफेनं भाजलेले हात मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहेत.

झाकणही बघा. त्यावर ०.९ लिहिलेलं असेल. तेवढा दाब टिकला की साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर चिरलेलं असेल तर पाणी १०० लाच उकळायला लागतं. झाकण स्वस्त असतं, बदलूनच टाका.

आणि वॉल परत बसवा. हा मुद्दा लोकांना पटत नाही म्हणून समजावून सांगतो. बऱ्याच इंजिनांत वॉलच्या खालच्या बाजूला आणखी एक चकती असते. वॉल साधारण ८२ अंशांना उघडायला लागतो, आणि जसजसा उघडतो तसतशी ती चकती खाली जाऊन बायपासचं, म्हणजे रेडिएटर टाळून इंजिनात परत जाणाऱ्या वाटेचं, तोंड बंद करते. मग सगळं पाणी रेडिएटरकडे जातं. वॉलच काढला की बायपास कायमचा उघडा राहतो. गरम पाण्यातलं बरंचसं पाणी रेडिएटरला न जाता तसंच इंजिनात परत फिरतं. जुना वॉल मिळाला तर खाली चकती आहे का बघा.

एक विचारायचं राहिलं: रेडिएटरमध्ये आजवर पाणी कुठलं टाकलं?

मूर्तिजापूरवाला

काट्यावर किती भरवसा ठेवायचा तेही बघा. सेन्सरची वायर गंजली तरी काटा उगाच चढतो.

निवृत्त एसटी मेकॅनिक, अकोला

बरोबर, पण खोटा काटा स्पीड कमी केल्यावर दर वेळी शहाण्यासारखा उतरत नाही. शिवाय यांचं पॅकिंग खरोखर उडालं आहे. गाडी खरंच तापते.

जिनिंगवरचा ड्रायव्हर

भाऊ, मले दोन वर्षांआधी हेच झालतं. मी कापसाच्या गाड्यांमांगं दिवसभर फिरतो. समोरून पाह्यलं तं जाळी एकदम साफ, पाणी मारून मारून चमकवली होती. पण समोर दिसते ते एसीचं कंडेन्सर असते, रेडिएटर त्याच्या मांगं. दोघांमधी बोटभर फट राहते. त्या फटीत रुई जाऊन बसते, अन् समोरून प्रेशरनं पाणी मारलं की ते आखीन आतमधी दाबल्या जाते. तुमी कापूस नेता काय गाडीनं? वरचे दोन बोल्ट ढिले करून कंडेन्सर थोडं पुढं ओढजा अन् टॉर्च मारून पाहजा. पाणी मारायचं तं इंजिनाकडून समोर, अन् हलक्या धारेनं. जोरात मारलं तं पत्र्या वाकतात.

दर्यापूर तालुक्यातून

दोघांचे पाय धरावे वाटतात. काल दिवसभर हेच केलं.

सकाळी वरचा पाइप मऊ होता. झाकण काढून सुरू केली, एक-दोन बुडबुडे आले आणि थांबले. रेस दिली तरी पाणी शांत. म्हणजे पॅकिंग धड आहे. हे पाहूनच अर्धा जीव हलका झाला.

मग कंडेन्सर पुढे ओढलं. भाऊ, तुमचं खरं निघालं. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत मागच्या सीट काढून मी याच गाडीनं कापसाची गाठोडी जिनिंगवर नेली होती. खालच्या अर्ध्या भागावर रुई, धूळ आणि किडे यांची एक चादरच जमली होती, काळपट. एका कोपऱ्यात नख घातलं तर वाकळेसारखी सलग सोलून निघाली. उचलून उजेडाकडे धरली तर पलीकडचं काही दिसेना. हवा कुठून जाणार होती?

पाण्याचं विचारलं होतं. आमचं गाव खारपाणपट्ट्यात आहे. पूर्णेच्या खोऱ्यातलं बोअरचं पाणी, तोंडात धरवत नाही इतकं खारट, आणि दहा वर्षं तेच टाकत आलो. गेल्या महिन्यात कुलंट बदलतानाही मिस्त्रीनं आमच्याच कॅनमधलं पाणी मिसळलं होतं.

त्यामुळे इंजिन गरम करून, बंद करून, किल्ली खिशात ठेवून मागच्या बाजूनं हात लागेल तिथं जाळीवर पाण्याचा फवारा मारला. वरचा भाग लगेच वाळला. डावीकडचा खालचा पट्टा ओलाच राहिला, म्हणजे तिथं गरम पाणी पोचतच नव्हतं. रेडिएटर काढून दर्यापूरला नेला. पितळी टाक्यांचा आहे म्हणून कारागिरानं झाळ सोडवून टाकी उघडली आणि नळ्यांत पट्टी घालून साफ केलं. तव्यावरच्या खरपुडीसारखा पांढरा थर निघाला, मूठभर तरी असेल. काही नळ्या तर पूर्ण बुजलेल्या होत्या.

जुना वॉल गॅरेजच्या डब्यात सापडला. खाली चकती आहे.

मला एकाच गोष्टीचं वाईट वाटतं. पॅकिंग उडालं ते गाडी तापल्यामुळे. ती तापली काहून, हे कोणी पाहिलंच नाही, मीही नाही. पॅकिंग बदललं आणि कारण तसंच आत ठेवलं.

निवृत्त एसटी मेकॅनिक, अकोला

फार चांगलं काम केलंत. आता नवीन वॉल आणा, जुना बसवू नका. कुलंटमध्ये बोअरचं पाणी थेंबभरही नको. बॅटरीत टाकतो ते डिस्टिल्ड वॉटर घ्या, निम्मं कुलंट निम्मं पाणी. भरताना गाडीचं तोंड थोड्या चढावर ठेवा, हीटर फुल गरमवर ठेवा आणि हवा निघेपर्यंत हळूहळू भरत राहा. हवा अडकून राहिली तर सगळ्या मेहनतीवर पाणी पडेल. फॅनचं व्हिस्कस कपलिंग, म्हणजे गरम झालं की फॅनला पकडणारा जोड, तोही बघून घ्या. गरम इंजिन बंद करून फॅन हातानं फिरवला तर जड लागला पाहिजे. मोकळा गरगर फिरला तर तेही गेलं आहे. कुलंटच्या टाकीवर लेव्हलची खूण करा आणि दोन फेऱ्यांनंतर सांगा.

दर्यापूर तालुक्यातून

मंगळवार आणि शुक्रवार, दोन्ही फेऱ्या झाल्या. फॅन जड आहे. दुपारी दोनला निघालो, ८० च्या स्पीडला, एसी लावून. काटा अर्ध्याच्या जरा खालीच राहिला, हलला नाही. टाकीतलं कुलंट खुणेवरच आहे. आई वलगावलाच झोपली होती, घरी येऊन उठवावं लागलं.