इंजिन गरम झाल्यावर गाडी बंद पडते : क्रँक सेन्सर नवा आहे, मग दोष वायरिंगमध्ये शोधावा का?

प्रश्न (सातारा)

माझी पेट्रोल गाडी दहा वर्षांची आहे. गेल्या महिन्यात पुण्याहून येताना खंबाटकी घाटाच्या चढावर इंजिन एकाएकी बंद पडले. सेल्फ व्यवस्थित फिरत होता, परंतु गाडी सुरू होत नव्हती आणि आरपीएमचा काटा शून्यावरून हलत नव्हता. बॉनेट उघडून अर्धा तास थांबल्यावर मात्र ती पहिल्याच सेल्फला सुरू झाली. स्कॅनरवर पी ०३३५ हा कोड आला, म्हणून गॅरेजमध्ये क्रँक सेन्सर (इंजिन किती वेगाने फिरते हे गाडीच्या संगणकाला कळवणारा) बदलून घेतला. तरीही त्यानंतर दोनदा हेच घडले. सेन्सरला दोन वायर आहेत आणि माझ्याकडे साधा डिजिटल मल्टिमीटर आहे. थंड इंजिनावर सेन्सरचा रोध ८०० ओहम आणि गरम असताना ९८० ओहम आला. नवा सेन्सरही खराब निघाला, असे समजावे का?

उत्तर १ (मिरज)

नाही. दोन वायरचा सेन्सर म्हणजे चुंबकाभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे असते, आणि तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्के वाढतो. तापमान साठ अंशांनी वाढले तर ८०० चे ९८० होणे अगदी स्वाभाविक आहे. गरम असताना मीटरने 'ओएल' (मोजता न येण्याइतका रोध, म्हणजे जोडणी नाही) दाखवले असते, तर वेटोळे आतून तुटते असे म्हणता आले असते. सेन्सरच्या प्रत्येक पिनपासून धातूच्या बॉडीपर्यंत रोध मोजून पाहा. तेथे मात्र 'ओएल'च यायला हवे. त्यानंतर मीटर एसी व्होल्टवर ठेवून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. सेल्फच्या वेगाला निदान काही शे मिलिव्होल्ट दिसले पाहिजेत. अगदीच कमी दिसले तर सेन्सर आणि दातेरी चाक यांच्यातील फट वाढली आहे का, किंवा टोकाला लोखंडाचा कीस चिकटला आहे का, हे पाहावे. (तीन वायरच्या हॉल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक, सेन्सरवर यातली ओहमची तपासणी करू नये, तेथे पुरवठा, अर्थिंग आणि सिग्नल तपासतात.)

पी ०३३५ चा अर्थ 'सेन्सर खराब' असा नसून 'त्या सर्किटचा सिग्नल पोहोचत नाही' असा आहे.

उत्तर २ (सातारा, ऑटो इलेक्ट्रिशियन)

मिरजेच्या साहेबांशी सहमत आहे. आता वायरिंग पाहा. बॅटरीची निगेटिव्ह काढा, ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा) प्लगही काढा, कारण तो लावलेला असताना घेतलेली रीडिंग फसवी येतात. मग सेन्सरच्या प्लगपासून ईसीयूच्या प्लगपर्यंत दोन्ही वायर एकेक करून मोजा. रोध एक ओहमपेक्षा कमी हवा. दोन्ही वायरचा आपसात किंवा इंजिनाच्या बॉडीशी संपर्क असता कामा नये. हे मोजत असतानाच दुसऱ्या हाताने हार्नेस (वायरचा जुडगा) टोकापासून टोकापर्यंत हलवत, वाकवत जा, कारण अशा वायर स्थिर असताना नेहमी चांगल्याच दिसतात. ही तपासणी गाडी नुकतीच बंद पडलेली असताना केलीत तरच उपयोग. सकाळी थंड इंजिनावर सगळे ठीकच दिसेल.

एक विनंती : मीटरची जाड पिन प्लगच्या मादी टर्मिनलमध्ये खुपसू नका. टर्मिनल फाकते आणि नवाच दोष तयार होतो. आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांत असे 'तपासून बिघडवलेले' प्लग बरेच असतात. प्लगच्या मागच्या बाजूने बारीक सुई सरकवा.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. रविवारी गाडी मुद्दाम तापवून तपासली. सेल्फ मारल्यावर सेन्सर दीड व्होल्ट देत होता. हार्नेस हलवताना मात्र एका वायरचा इंजिनाच्या बॉडीशी थेट संपर्क दिसला : क्लिप तुटल्यामुळे ती एक्झॉस्टजवळच्या ब्रॅकेटवर घासत होती आणि नाण्याएवढ्या भागातले आवरण गेले होते. सध्या ती बांधून दूर केली आहे. या दोन वायरच्या जोडीवर शील्डची (बाहेरचा विद्युत गोंधळ रोखणारी) जाळी आहे. नवा तुकडा जोडताना तिला दोन्ही टोकांना अर्थिंग द्यावे का?

उत्तर २ (सातारा, ऑटो इलेक्ट्रिशियन)

नाही, मूळ जोडणीप्रमाणेच ठेवा. बहुधा तिला फक्त ईसीयूच्या बाजूला अर्थिंग दिलेले असते. दोन्ही वायरना पूर्वीइतकाच पीळ द्या, सोल्डर करून उष्णतेने आवळणारी नळी चढवा, आणि वायरची अदलाबदल होऊ देऊ नका. सिग्नल उलटा झाला तर इंजिन सुरू होऊनही नीट चालणार नाही.