माशांखेरीज टाकीत काय काय पाळलंत? अनुभव लिहा

रत्नागिरी (धागाकर्ती)

माशांबद्दल विचारायला दहा जण भेटतात. कोळंबी, खेकडे, गोगलगायी, कासवं पाळणारा मात्र एकटा पडतो आणि चुका करत शिकतो. म्हणून हा धागा. काय जगलं ते लिहाच, पण काय दगावलं आणि कशानं, ते आवर्जून लिहा. सुरुवात माझ्यापासून.

दोन फुटी टाकीत चेरी कोळंबी होती. लालचुटुक, जेमतेम इंचभर. दहा आणल्या होत्या, वर्षभरात मोजता येईनात. मादीच्या पोटाखाली पिवळसर अंड्यांचा घोस असतो आणि ती पोटाच्या पायांनी त्याला सारखा वारा घालत असते. भिंग लावून बघा, जागचं उठवत नाही. एका रविवारी पाणी बदलताना कमी पडलं, म्हणून माजघरातल्या तांब्याच्या हंड्यातलं अर्धी बादली ओतलं. रात्रभर हंड्यात राहिलेलं, आम्ही पितो तेच. संध्याकाळी कोळंब्या वेड्यावाकड्या उसळ्या मारत होत्या. सकाळी सगळ्या तळाशी आडव्या. त्याच टाकीतले गप्पी मासे धडधाकट होते.

तांबं! मासे सोसतात तेवढंही या जिवांना सोसत नाही. यांच्या रक्तात प्राणवायू वाहणारं हिमोसायनिन तांब्याचंच असतं, तरी पाण्यात उतरलेलं तांबं त्यांना विषच. माशांच्या काही औषधांतही ते असतं, तेव्हा बाटलीवरचे घटक वाचल्याशिवाय थेंबही टाकू नका. ती सकाळ आठवली की अजून पोटात तुटतं.

राजापूर

माझ्याकडे सोनेरी गोगलगायी. चार महिन्यांत शंखांची टोकं पांढरी पडून खड्डे पडायला लागले. मला वाटलं रोग. रोग नव्हता, आमच्या जांभ्यातल्या विहिरीचं पाणी होतं. इतकं मऊ की त्यात चुना जवळजवळ नाहीच, आणि वर थोडं आंबट, त्यामुळे शंख विरघळत होता. पावसाळ्यानंतर किनाऱ्यावर समुद्रफेन वाहून येतं ना, माकुळाच्या पाठीतलं ते पांढरं हलकं हाड, त्याचा तुकडा आठवडाभर गोड्या पाण्यात भिजवून, वाळवून टाकीत ठेवला. गोगलगायी त्यावर चढून खरवडत बसतात. जुने खड्डे भरले नाहीत, पण शंखाच्या तोंडाशी नवीन वाढलेली कड गुळगुळीत आली. हात लावून बघितलं की फरक लगेच कळतो.

कणकवली

मृग लागला की आमच्या बांधावर कुर्ल्यो निघतात. शेतातल्या, ज्यांना वर रायगडकडे मुठे म्हणतात त्या. लेकीनं एक घरात आणली. आजी म्हणाली, "ही कुर्ली खावची की पाळूची?" पाळायचं ठरलं. टबात एका बाजूला माती नि दगडांचा उतार, दुसऱ्या बाजूला चार बोटं पाणी. पहिल्याच रात्री पळाली, मोरीत बंबामागे सापडली. झाकणावर वजन ठेवायला विसरू नका, नळीच्या फटीतूनही निघते.

चौथ्या दिवशी लेक ओरडत आली. कुर्लीच्या पोटाखालचा पदर थोडा सुटला होता आणि आत मोहरीएवढी पिल्लं गच्च भरलेली. नुसते ठिपके नव्हेत, पाय, नांग्या, डोळे, सगळं असलेल्या पुऱ्या कुर्ल्या! समुद्रातल्या चिंबोरीच्या अंड्यांतून आधी तरंगते डिंभ, म्हणजे बारीक अळ्या, निघतात, त्यांचा खेकडा व्हायला वेळ लागतो. गोड्या पाण्यातली ही कुर्ली मात्र पिल्लं तयार होईपर्यंत पोटाशी घेऊन फिरते. दोन दिवसांनी भर पावसात आम्ही तिला होती त्याच बांधावर नेऊन सोडली. आजी छत्री धरून उभी होती.

देवगड

शंखातले खेकडे बरणीत भरून समुद्राच्या पाण्यासकट घरी आणू नका, एवढंच सांगतो. मी दोनदा आणले, दोन्ही वेळा तीन दिवसांत गेले. उन्हानं पाणी उडतं, मीठ मागे राहतं, पाणी खारट होत जातं. भर घालायची ती गोड्या पाण्याची, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार राखणं, टाकी आधी महिना-दीड महिना नुसती चालवून घाण पचवणारे जिवाणू वाढू देणं, हे जमत असेल तरच खाऱ्या पाण्याच्या वाटेला जा.

अलिबाग

भावानं हौसेनं लाल कानाचं कासव आणलं, रुपयाएवढं. दुकानदार म्हणाला एवढंच राहतं. आज आठ वर्षांनी ते जेवणाच्या ताटलीएवढं आहे आणि अजून वीस-तीस वर्षं जगू शकतं. वर चढून अंग वाळवायला कोरडी जागा आणि ऊन किंवा यूव्हीबी (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा) दिवा लागतो, नाहीतर पाठ मऊ पडते. आमच्या कासवाची पडली होती, ती सावरायला वर्ष गेलं. लोक सुचवतात, तळ्यात सोडून दे. अजिबात नाही. ते मूळचं अमेरिकेचं, इथल्या कासवांचं खाणं आणि जागा बळकावतं. आणि उलट, इथली कासवं विहिरीतून काढून टाकीत ठेवणंही 1972च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

श्रीवर्धन

3 जून 2020, निसर्ग वादळ. पोफळी आडव्या झाल्या, वीज यायला महिना उलटला. फिल्टर बंद, मोठे मासे दुसऱ्या दिवशीच तरंगले. कोळंब्या शेवाळासकट पडवीतल्या दगडी दोणीत ओतल्या आणि वर केळीचं पान घातलं. त्याच्यानंतर घर सावरण्यात त्यांच्याकडे कुणी पाहिलंच नाही. वीज आली त्या संध्याकाळी बॅटरी मारली, तर शेवाळात लाल ठिपके हलत होते.

रत्नागिरी (धागाकर्ती)

राजापूरकर, समुद्रफेनासाठी मनापासून आभार, उद्याच मांडवीवर जाते. खाली एकीनं निरोपातून विचारलंय, "कोळंबी मेली वाटतं, नुसतं पारदर्शक अंग पडलंय." पाठीवर चीर आहे का बघा. असेल तर ती टाकलेली कात आहे. काढू नका, त्यातला चुना कोळंब्या खातात. कोळंबी जवळच कुठेतरी पानाखाली दडून असेल. नवं कवच कडक होईपर्यंत, एक-दोन दिवस, टाकीत हात घालू नका.