‘कपलर अ‍ॅडजस्ट करा’ : मराठीत नेमकं काय म्हणायचं?

पत्रकवाला : एचओ मापाच्या, म्हणजे १:८७ प्रमाणातल्या छोट्या आगगाड्यांच्या माहितीपत्रकांत ‘कपलर अ‍ॅडजस्ट करा’ हे वाक्य वारंवार येतं. कपलर म्हणजे दोन डबे एकमेकांना जोडणारा भाग. ‘युग्मकाचे समायोजन करा’ चालेल का? की आणखी रुळलेला शब्द आहे?

कडीकोयंडा : युग्मक नको. जीवशास्त्राच्या पुस्तकांत तो गॅमीटसाठी पक्का झालाय. ‘दुवा’ इंटरनेटकडे गेला. ‘सांधा’ जवळचा वाटतो, पण रेल्वेत तो आधीच कामाला लागलेला आहे. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा सांधा, आणि तो बदलणारा सांधेवाला. त्याच पत्रकात ‘सांध्यावर पिन अडकते’ (पिन म्हणजे कपलरखाली लोंबणारी तार, रुळांमधल्या चुंबकाने ती ओढली की कपलर उघडतो) हे वाक्य येणारच, मग वाचकाने कुठला सांधा समजायचा? वॅगनची वाघीण झाली इतका कपलर मराठीत मुरलेला नाही, पण कळतो. तोच ठेवावा.

प्रकारांना मात्र घरचे शब्द आहेत. युरोपीय गाड्यांवर एक आकडा असतो आणि त्यात अडकणारी तारेची चौकट असते. तो सरळ कडीकोयंडा. तो ज्या चौकोनी खाचेत बसतो ती खोबण. अमेरिकी गाड्यांवर मुठीसारखा मिटणारा कपलर असतो, इलाय जॅनीच्या १८७३ च्या पेटंटच्या कुळातला. त्याच्या हलत्या भागाला इंग्रजीत ‘knuckle’ म्हणतात. तो देवनागरीत ‘नकल’ लिहिला तर मराठी माणूस ‘हुबेहूब प्रत’ असंच वाचेल, आणि विषय मॉडेलचा असल्यामुळे ते खरंही वाटेल. तिथे ‘पेर’ लिहावं.

शब्दकोशी : पेर म्हणजे बोटाच्या दोन सांध्यांमधला भाग, खुद्द सांधा नव्हे. पण इथे हलणारा तुकडा बोटाच्या पेरासारखाच आत वळतो, त्यामुळे शब्द बसतो.

सांधेवाला : माझा आक्षेप ‘समायोजन’वर आहे. शब्द जड आहे म्हणून नाही, तर त्या एका शब्दाखाली चार निरनिराळी कामं झाकली जातात म्हणून. त्यांचा क्रम चुकला की बिघाड वाढतो. मराठीत प्रत्येक बिघाडाला स्वतःचं क्रियापद आहे, तेच वापरावं.

पहिलं, कपलर मान टाकतो. त्याचा मागचा दांडा डब्याखालच्या पेटीत ढिला असला की पुढचं डोकं खाली झुकतं. डबा सपाट, सरळ रुळावर ठेवून बाजूने पाहा. डोकं रुळाला समांतर नसेल तर पेटीचं झाकण नीट बसलंय का ते तपासा. तरीही फट राहिली तर दांड्याखाली ०.०१० इंच जाडीची प्लास्टिकची पट्टी सरकवा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे, पिन रुळाला लागते म्हणून पक्कड घेऊन पिनच वर वाकवणं. पिन खाली आलेली असते ती डोकं खाली आल्यामुळे. मान सरळ केली की तीच पिन जास्त वर जाते आणि चुंबकाला दाद देत नाही.

दुसरं, कपलर आखडतो. बोटाने बाजूला ढकलून सोडला की तो आपणहून मध्यावर आला पाहिजे. येत नसेल तर बहुतेक वेळा झाकणाचा स्क्रू जास्त आवळलेला असतो. पाव फेरा ढिला करून पाहा. नाहीतर पेटीच्या आत साच्यातून राहिलेली प्लास्टिकची पातळ पाळ असते, ती बारीक कानशीने काढा. मग चिमूटभर कोरडी ग्राफाइट पूड. तेल अजिबात नको, धूळ धरून त्याचा चिकट लगदा होतो.

तिसरं, उंची जुळत नाही. कपलर बनवणाऱ्या केडी (Kadee) कंपनीचा २०५ क्रमांकाचा गेज, म्हणजे उंची तपासायचं माप, रुळावर ठेवा. तो धातूचा आहे, म्हणून आधी रुळांतली वीज बंद करा. डोक्याचा मध्य रुळाच्या माथ्यापासून २५/६४ इंच, म्हणजे साधारण ९.९ मिमी हवा. थोडा खाली असेल तर बोगी (इथे डबा नव्हे, डब्याखालचा चाकांचा सांगाडा) आणि डबा यांच्यामध्ये फायबरचा वॉशर घाला: करडा ०.०१० इंचाचा, तांबडा ०.०१५ इंचाचा. दुसऱ्या टोकाचा कपलरही मोजा, कारण एकाच बोगीत वॉशर घातला की डबा तिरपा होतो. फरक मोठा असेल तर वॉशरांची चळत रचू नका, डबा उंटासारखा उंच दिसतो आणि डुलतो. त्यापेक्षा ज्याचा दांडा डोक्याच्या मध्याच्या खाली आहे असा कपलर घ्या. पेटी जागच्या जागी राहते आणि डोकं वर येतं. कपलर मुळातच उंच असेल तर दांडा मध्याच्या वर असलेला. इंजिनाला हाच मार्ग बरा, कारण त्याच्या बोगीत गिअर असतात आणि तिथे वॉशरला जागा नसते.

पिनची पाळी शेवटी. खालचं टोक रुळाच्या माथ्यापासून सुमारे १/३२ इंच, म्हणजे ०.८ मिमी वर असावं. खाली असेल तर सांध्यावर आणि फाटकाच्या फळ्यांवर अडकून डबा घसरतो. वाकवताना डोकं दुसऱ्या हाताने घट्ट धरा, नाहीतर पिन डोक्यातच सैल होते. एक जबडा गोल आणि दुसरा खोलगट अशी पक्कड मिळते, तिने वळण एकसारखं येतं.

पत्रकवाला : म्हणजे ‘मान सरळ करा, मोकळा करा, उंची जुळवा, पिन वाकवा’. आणि डबे आपोआप वेगळे होतात त्याला ‘सुटतात’ लिहावं का?

कडीकोयंडा : नको. ‘गाडी सुटली’ म्हणजे स्टेशनातून निघाली. आपण मुद्दाम वेगळे करतो ते सोडवणे, नकळत होतं ते निसटणे. पत्रकात हा फरक पाळाच, कारण दोन्हींचे उपाय वेगळे. सोडवता येत नसेल तर पिन आणि चुंबक पाहायचे. निसटत असेल तर आधी दोन्ही डोक्यांच्या उंचीतला फरक.

सांधेवाला : भर घालतो. उंची गेजवर बरोबर असूनही डबे चढ सुरू होतो तिथेच निसटत असतील, तर कपलरला हात लावू नका. तिथे रूळ एकदम वर वळतो, क्षणभर एक डोकं वर आणि एक खाली जातं, आणि पेरं एकमेकांवरून सरकतात. रुळाखाली पातळ पट्ट्या घालून चढाची सुरुवात लांबवा.