स्ट्रमिंग रेकॉर्डिंगसाठी एकच बेस्ट गिटार असते का?

सिडकोवाला: मंडळी, घरीच गाणी रेकॉर्ड करतोय, स्ट्रमिंग (सगळ्या तारा एकदम छेडणं) नुसतं ऐकलं की मस्त वाटतं पण वर गाणं आणि तबला टाकला की सगळा नुसता गाळ होतो. गिटार ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या अंगाची आहे. मित्र म्हणतो गिब्सन जे-४५ घे, तीच बेस्ट. खरंय का?

पंचवटीकर: एकच बेस्ट असं काही नसतं रे. जे-४५ १९४२ पासून आहे, मागची आणि कडेची बाजू महोगनी लाकडाची, आवाज जरा कोरडा त्यामुळे मिक्समध्ये नीट बसतो म्हणून तिचं नाव झालंय. मार्टिन डी-२८ रोझवूड लाकडाची, एकटी वाजवली तर नाद नाही करायचा, पण बास जास्त, तुझ्या डग्ग्याशी तिथंच मारामारी होणार. माइक कुठे ठेवतोस ते सांग आधी

सिडकोवाला: गिटारच्या होलच्या समोर, अगदी जवळ

पंचवटीकर: मग झालं कल्याण! माइक बाराव्या फ्रेटकडे (दांड्यावरच्या बाराव्या पट्टीकडे) वळव, फूटभर लांब ठेव, रेकॉर्डिंगमधला १०० हर्ट्झच्या खालचा बास कापून टाक.

मेनरोड: तारा छेडायची पिक पातळ घे, ०.६ मिमीच्या आतली. आणि आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड दमट होऊन आवाज बसतो, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकत जा. तारा शेवटच्या कधी बदलल्यास?