फोन बाजूला ठेवून भांडण संपत नाही
आयपीएलच्या चाहत्यांच्या ऑनलाइन भांडणांबद्दल 'पोरंटोरं असतात, फोन ठेवला की विसरतात' असं कुणीतरी म्हटलंय, ते मला अजिबात पटत नाही. मार्च २०२४ मध्ये कोल्हापूरजवळच्या एका गावात आयपीएलची मॅच बघताना मुंबई इंडियन्सचा रोहित शर्मा बाद झाला म्हणून ६३ वर्षांचे एक गृहस्थ खूश झाले, तर त्यांना इतकं मारलं की जीव गेला. मारणारे गावातलेच.

आमचा नाशिकच्या पंचवटीतल्या मुंबई इंडियन्सच्या चाहत्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप. डिसेंबर २०२३ मध्ये रोहितऐवजी हार्दिक पांड्या टीमचा कॅप्टन झाला आणि भाषा बदलली. आधी मीम, मग थेट त्याच्या घरच्यांवर घाण. सातपूरला कंपनीत असलेला एक जुना मित्र एवढंच म्हणाला, 'अरे, घरच्यांना कशाला मध्ये आणता?' झालं, तो गद्दार! त्याच्या बायकोच्या फोटोखाली जाऊन लिहिणारेही आमच्यातलेच होते. मी ॲडमिन होतो आणि गप्प बसलो, याची मला अजून लाज वाटते. भारताने टी-२० वर्ल्ड कप जिंकल्यावर ४ जुलै २०२४ ला वानखेडेवर हार्दिकच्याच नावाचा जल्लोष झाला, तो व्हिडिओ ग्रुपवर याच लोकांनी टाकला. मित्र मात्र आता गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, समोर आला तरी बोलत नाही.