सभागृहाआधी रस्ता बघा

'प्रत्येक वॉर्डात एक सभागृह बांधा, लोक आपोआप एकत्र येतील' हा मुद्दा मला तरी पटला नाही. चावी कोणाकडे असते हेच अर्ध्या लोकांना ठाऊक नसतं.

ओळख होते ती येता-जाता. १९६० च्या दशकाच्या अखेरीस शहररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन रस्त्यांची तुलना केली. घरं साधारण सारखीच, फरक वाहनांचा. कमी रहदारीच्या रस्त्यावर माणशी सरासरी ३ मित्र त्याच रस्त्यावर राहणारे होते, जास्त रहदारीच्या रस्त्यावर ०.९. म्हणजे वाहतुकीचा आराखडा हाच शेजाराचा आराखडा! पालिकेत मात्र या दोन फायली वेगवेगळ्या टेबलांवर.

म्हणून आधी वेग कमी करा, पदपथ सलग करा, बसथांब्यापाशी सावलीत बाक टाका. बाक समोरासमोर हवेत. भिंतीकडे तोंड करून बसलेली माणसं बोलणार काय?

आणि थोडा निधी लोकांनाच ठरवू द्या. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रेने १९८९ पासून हे केलं. गटार आधी की रस्ता, यावर वस्तीच्या सभांत वाद झाले. झाले तर होऊ देत. निदान शेजारी एकमेकांशी बोलले तरी.